बंद करायला कायदा, चालू ठेवायला मेहरबानी



टॉवर जात पाळत नाही, असं शिकलेसवरलेले लोक सांगतात. सिग्नल सगळ्यांना सारखाच, म्हणे. मी म्हणतो, सिग्नल असेल सारखा. पण टॉवरखाली बॅटरी किती तासांची ठेवायची, वीज गेली की डिझेल आधी कुठल्या भागात पोचवायचं, हे माणूस ठरवतो. आणि माणूस ठरवतो तिथं नफा येतो, सत्ता येते, जात येते.

२००५ साल घ्या. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. साकीनाक्याला दरड आली, झोपड्या माणसांसकट गाडल्या गेल्या. आणि मुंबईभर मोबाईल मुके. कोण जिवंत, कोण गेला, पत्ता नाही.

महिनाभरानं, २९ ऑगस्टला, अमेरिकेत कतरीना वादळ न्यू ऑर्लीन्सवर आलं. ज्यांच्या पँथरवरून आपल्या पोरांनी १९७२ साली नाव घेतलं, त्या काळ्या जनतेचं हे शहर. तेव्हा दर तिघांत दोघं काळे होते. गाडी नसलेला गरीब माणूस मागं राहिला आणि पाण्यात अडकला. त्या किनारपट्टीवर तीस लाखांवर टेलिफोन लाइनी मेल्या, हजाराहून जास्त टॉवर बंद. मदतीला ९११ फिरवावा, तर तो उचलणारी ३८ केंद्रंच ठप्प!

मग तिथल्या दळणवळण आयोगानं २००७ साली हुकूम काढला. एक्स्चेंजला २४ तासांची आणि टॉवरला ८ तासांची पर्यायी वीज ठेवा. फक्त आठ तास! तरी कंपन्या कोर्टात धावल्या. २००८ साली व्हाइट हाउसच्या बजेट कचेरीनं नकार दिला आणि आयोगानं हुकूम गुंडाळला.

पुढचं ऐका. ऑक्टोबर २०१९. वणव्याच्या भीतीनं कॅलिफोर्नियात वीज तोडली. मरीन या गडगंज जिल्ह्यात ५७ टक्के टॉवर बंद पडले. २०२० साली त्या राज्यानं वणव्याच्या धोक्याच्या भागात ७२ तासांच्या विजेची सक्ती केली. त्याआधीच्या वणव्यांत माणसं होरपळली होती, तेही कारण होतंच. पण हिशेब बघा. काळं शहर बुडालं तेव्हा ८ तास महाग पडले. श्रीमंताचा फोन मुका झाला, तेव्हा ७२ तास परवडले!

आता आपल्या घरात या. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम २० वाचा. 'सार्वजनिक आणीबाणी' आली की सरकार यंत्रणा ताब्यात घेऊ शकतं, ठरावीक निरोपांना आधी वाट देऊ शकतं आणि सेवा बंदही करू शकतं. बंद करायची २०२४ ची वेगळी नियमावली आहे, एका हुकमाला १५ दिवसांपर्यंत मुदत. पण टॉवरची बॅटरी किती तास टिकली पाहिजे, तो आकडा त्या कलमात कुठं आहे? नाय.

हे बंदचं हत्यार कुणावर चालतं? २ एप्रिल २०१८ ला ॲट्रॉसिटी कायदा वाचवायला आपली माणसं रस्त्यावर उतरली. पंजाबात, ग्वाल्हेरात मोबाईल इंटरनेट बंद! अफवा थांबतात म्हणे. पण मार खाणाऱ्याची हाकही थांबते, तिचं काय? काश्मीरच्या खटल्यात १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं बजावलं, बेमुदत बंदी चालणार नाही, हुकूम जाहीर करा. करून घेणार कोण?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. टॉवरमागे पर्यायी विजेचे तास कायद्यात आकड्यानं लिहा. ते पाळले नाहीत तर कंपनीला दंड करा. पूर आला की कुठल्या वॉर्डात किती टॉवर बंद, याची रोज यादी लावा. आणि कुठलाही हुकूम निघो, ११२ चा फोन लागलाच पाहिजे.

नुसत्या कागदानं हे मिळणार नाही, हेही ठाऊक आहे. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर १९२४ सालीच खुलं केलं होतं. ओंजळ भरायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं. तेव्हा पोरांनो, पावसाळ्याआधी आपापल्या वस्तीतले टॉवर मोजा. बॅटरी आहे का, जनरेटर आहे का, लिहून काढा. ती यादी घेऊन वॉर्ड ऑफिसात आणि कंपनीच्या दारात बसू. उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.

जय भीम!