प्रभाग चौघांचा, आवाज एकाचा

आंबेगाव तालुक्यातील मंचरजवळच्या अवसरी खुर्द या गावी राहणारा एखादा पदवीधर मतदार घ्या. लोकसभेसाठी तो शिरूर मतदारसंघात एक मत देतो, विधानसभेसाठी आंबेगाव मतदारसंघात एक. जिल्हा परिषद व पंचायत समिती यांसाठीही त्याचे मत प्रत्येकी एकच. पण ग्रामपंचायतीची निवडणूक आली की, सरपंचासाठीचे मत वेगळे ठेवून, त्याच्या हाती दोन किंवा तीन मते येतात. कारण कायद्यानेच तेथील प्रभाग साधारणतः दोन वा तीन सदस्यांचा केलेला आहे. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघाची निवडणूक असली म्हणजे हाच गृहस्थ उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालतो. आणि त्याचा मुलगा नोकरीनिमित्त पुणे शहरात जाऊन राहिला असेल, तर महापालिकेच्या निवडणुकीत त्या मुलाला चार मते द्यावी लागतात. एका घरात मतदानाच्या इतक्या रीती नांदत असताना त्यांतील कोणती रीत न्यायाची आणि कोणती केवळ सोयीची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम गावाचाच हिशेब पाहू. तीन सदस्यांच्या एखाद्या प्रभागात सहाशे मतदान झाले व गावात दोन पॅनेले आहेत, अशी कल्पना करा. एका पॅनेलमागे तीनशे तीस माणसे, दुसऱ्यामागे दोनशे सत्तर. प्रत्येक जागेसाठी प्रत्येकाचे एक मत आणि मतदार आपापल्या पॅनेलशी एकनिष्ठ, असे असेल तर तिन्ही जागा पहिल्या पॅनेलला मिळतात. दुसऱ्या बाजूच्या दोनशे सत्तर माणसांच्या पदरी काही पडत नाही. हीच मते एका जागेसाठी असती तर एक प्रतिनिधी गेला, एवढेच दुःख होते. येथे तीन जागा असूनही पंचेचाळीस टक्के माणसे पाच वर्षे पंचायतीच्या बैठकीबाहेर राहतात. गावात निवडणूक ही बहुधा भावकी, वाडी आणि पाणी यांभोवती फिरते. हरलेल्या बाजूच्या वाडीचा रस्ता किंवा नळ मागे पडला, तर त्याबद्दल बैठकीत बोलणारा कोणी उरत नाही, आणि मग तो कलह पुढील निवडणुकीपर्यंत धुमसत राहतो.

शहरात हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर चालतो. पुणे महापालिकेचे प्रभाग २००२ साली तीन सदस्यांचे होते, २००७ साली एकाचे, २०१२ साली दोघांचे आणि २०१७ साली चौघांचे झाले. पुढे महाविकास आघाडीच्या सरकारने आधी एकसदस्यीय प्रभागाचा कायदा केला, मग २०२१ साली मुंबईखेरीज इतर महापालिकांसाठी तीन सदस्यांचा प्रभाग ठरविला. २०२२ साली नव्या सरकारने पुन्हा चौघांचा आणला. १५ जानेवारी २०२६ रोजी झालेली निवडणूक ४१ प्रभागांतील १६५ जागांसाठी झाली. त्यांतील ४० प्रभाग चौघांचे, तर एक पाच जणांचा होता. इतक्या वेळा प्रभागाचा आकार बदलला, पण मत मोजण्याच्या रीतीस कोणी हात लावला नाही. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची स्वतंत्र लढत आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, हा नियम अढळ राहिला. आकार सत्ताधाऱ्यांच्या सोयीने बदलावयाचा आणि रीत तीच ठेवावयाची, यास सुधारणा हे नाव शोभत नाही.

बहुसदस्यीय प्रभागाची कल्पना मुळातच वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. उलट अनेक सदस्य एका क्षेत्रातून निवडावयाचे असतील, तरच मतांच्या प्रमाणात जागा वाटणे शक्य होते. एक जागा कोणालाही वाटून देता येत नाही. आमची तक्रार एवढीच की, आपण वाटणीसाठी लागणारे भांडे घेतले, पण वाटणी केली नाही. जपानचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून १९९३ पर्यंत जपानच्या प्रतिनिधिगृहासाठी बहुतेक मतदारसंघ तीन ते पाच सदस्यांचे होते. मात्र मतदाराला मत एकच. त्यामुळे लहान पक्षांनाही जागा मिळत, हा त्याचा गुण. पण बहुमत मिळवावयाचे तर मोठ्या पक्षाला एकाच मतदारसंघात आपलेच दोन-तीन उमेदवार उभे करावे लागत. त्यांची आपसांत स्पर्धा होई, पक्षातील गट बळावत आणि पैशाचा खेळ वाढे. या अनुभवाने शहाणे होऊन जपानने १९९४ साली पद्धत बदलली. १९९६ च्या निवडणुकीपासून काही जागा एकसदस्यीय मतदारसंघांतून, तर उरलेल्या ११ प्रादेशिक विभागांतून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने भरल्या जाऊ लागल्या. २०२४ च्या निवडणुकीत ४६५ पैकी २८९ जागा पहिल्या प्रकारच्या आणि १७६ दुसऱ्या प्रकारच्या होत्या. किन्की विभागाला २८ जागा, तर शिकोकू या लहान बेटाला ६. मतदार दोन मतपत्रिका भरतो. एकीवर उमेदवाराचे नाव लिहितो, दुसरीवर पक्षाचे.

जागांची वाटणी कशी होते, ते पुण्यातील एका काल्पनिक प्रभागावर बसवून पाहता येईल. दहा हजार मते पडली. अ पक्षाला ४,२००, ब पक्षाला ३,१००, क पक्षाला १,७०० आणि ड पक्षाला १,०००. बेल्जियमचे विधिज्ञ व्हिक्तोर दोंत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीनुसार प्रत्येक पक्षाची मते एकाने, दोहोंनी, तिहींनी अशी भागावयाची आणि येणाऱ्या भागाकारांपैकी सर्वांत मोठ्या चारांना चार जागा द्यावयाच्या. येथे ते चार भागाकार ४,२००, ३,१००, २,१०० आणि १,७०० हे ठरतात. म्हणजे अ पक्षाला दोन जागा, ब आणि क यांना प्रत्येकी एक. आपल्या रीतीने मात्र मतदारांनी पक्ष पाहून मत दिले, तर चारही जागा अ पक्षाच्या; दहा हजारांपैकी पाच हजार आठशे माणसे रिकाम्या हाताने घरी!

दोन रीतींतील अंतर जपानच्या एकाच निवडणुकीत शेजारी शेजारी दिसते. २०२१ साली लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने एकसदस्यीय मतदारसंघांत सुमारे ४८ टक्के मते मिळवून २८९ पैकी १८७ जागा, म्हणजे जवळजवळ ६५ टक्के जागा जिंकल्या. प्रमाणशीर विभागांत त्याच पक्षाला सुमारे ३५ टक्के मते व १७६ पैकी ७२ जागा, म्हणजे ४१ टक्के जागा मिळाल्या. लहान विभागांमुळे मोठ्या पक्षाला येथेही थोडे झुकते माप मिळालेच. पण ते माप हाताने उचलण्याजोगे होते. जपानी पद्धत निर्दोष आहे, असेही नाही. एकसदस्यीय मतदारसंघात पडलेला उमेदवार विभागाच्या यादीतून सभागृहात शिरतो, याचा तेथील मतदारांना राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे.

परक्या देशाचे उदाहरण कशाला, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास चाळावा. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अनेक मतदारसंघ बहुसदस्यीय होते आणि मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. अल्पसंख्य गटाने एकवटून मतदान केले तर त्याचा एक तरी माणूस निवडून यावा, हा त्यामागील हेतू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत लढविलेल्या १७ जागांपैकी बहुतेक जिंकल्या. स्वातंत्र्यानंतर द्विसदस्यीय मतदारसंघ राहिले, पण ही मुभा गेली. दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांनाच देणे भाग झाले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली, तर राखीव जागेवर विजयी झालेल्या नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७. दुसरे मत कुजविण्याचा प्रचार झाला व हजारो मते बाद ठरली, अशी तक्रार घेऊन आंबेडकर व अशोक मेहता न्यायाधिकरणापुढे गेले. तेथे त्यांना यश आले नाही. १९५४ साली भंडाऱ्याच्या द्विसदस्यीय पोटनिवडणुकीत हे दोघे पुन्हा जोडीने उभे राहिले. मेहता निवडून आले, आंबेडकर पडले. राज्यघटनेच्या शिल्पकाराची ही गोष्ट, तर खेड्यातील एखाद्या वस्तीची काय कथा! १९६१ साली संसदेने कायदा करून द्विसदस्यीय मतदारसंघ मोडीत काढले. दोष मोजण्याच्या रीतीत होता. शिक्षा मतदारसंघाला झाली.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जाईल, आणि तो खुद्द आंबेडकरांचाच आहे. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत काझी करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व सुचविले असता, या पद्धतीला साक्षर मतदार लागतो आणि तिने स्थिर सरकार मिळणे कठीण होते, या कारणांनी आंबेडकरांनी तिला विरोध केला. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती, हे लक्षात घेता तो विरोध योग्यच होता. पण ज्या अवसरी खुर्दमध्ये आज शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय चालते, तेथील मतदाराला यादी किंवा पसंतीक्रम कळणार नाही, असे कोण म्हणेल? स्थैर्याचा मुद्दा लोकसभेला लागू पडेल. आयुक्ताच्या हाती कारभार असलेल्या महापालिकेला तो तितकासा लागू नाही. उरला पक्षश्रेष्ठींच्या मक्तेदारीचा प्रश्न. त्यावरही जपानच्या वरिष्ठ सभागृहाने उपाय शोधला आहे. तेथे १०० जागांसाठी सारा देश एकच प्रमाणशीर मतदारसंघ असतो. मतदार पक्षाचे किंवा त्याच्या यादीतील उमेदवाराचे नाव लिहू शकतो आणि यादीतील क्रम सामान्यतः व्यक्तिगत मतांवर ठरतो.

आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व आपल्याला परके तरी कोठे आहे? महाराष्ट्राच्या राज्यसभेतील १९ जागा आमदार याच तत्त्वाने, एकल संक्रमणीय मताने भरतात. जून २०२२ मध्ये सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले, तेव्हा दुसऱ्या पसंतीच्या मतांनी निकाल फिरलेला साऱ्या राज्याने पाहिला. आमदारांच्या बाबतीत विरोधी पक्षाला त्याचा वाटा देणारी रीत योग्य, आणि आमदारांना निवडून देणाऱ्या नागरिकांच्या बाबतीत ती अयोग्य, हा कोणता न्याय?

आमचे म्हणणे सरळ आहे. स्थानिक संस्थांच्या निवडणुकांचे नियम करण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्य विधिमंडळास दिला आहे. त्याने दोहोंपैकी एक करावे. प्रभाग एकाचा करावा, म्हणजे मतदाराला आपला नगरसेवक कोण हे निश्चित कळेल व त्याला जाब विचारता येईल. नाहीतर प्रभाग चौघांचा ठेवावा आणि जागा मतांच्या प्रमाणात वाटाव्यात. महिलांच्या व मागासवर्गीयांच्या आरक्षित जागा यादीतील क्रमानेच सुरक्षित ठेवाव्यात. खेड्यांत पक्षांच्या याद्या नकोत. तेथे १९३७ सालची आपलीच रीत पुरेशी आहे. तीन मते तीन उमेदवारांना द्या, किंवा तिन्ही एकालाच द्या. वर हिशेब केलेल्या प्रभागातील दोनशे सत्तर माणसांना मग आपला एक माणूस निश्चित निवडून आणता येईल. त्यांची सारी मते एकवटली, तर समोरच्या तीनशे तीस जणांना तिन्ही जागा कशाही वाटून जिंकता येणार नाहीत.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. पण गाव म्हणजे जिंकलेले पॅनेल नव्हे. हरलेल्या बाजूची माणसेही गावच आहेत. त्यांना बैठकीत एक खुर्ची देणे हा उपकार नाही. ती त्यांनी आपल्या मतांनी कमावलेली आहे.