महिन्यात दहा किलो नको, चार महिन्यांत चार किलो

लग्नसराई जवळ आली की 'महिन्यात दहा किलो घटवा' अशा जाहिराती जिकडेतिकडे दिसू लागतात. त्या वाचून कुणी रात्रीचं जेवण बंद करतं, कुणी नुसत्या काकड्यांवर राहतं. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं काही असेल, तर आधी थोडा हिशेब करा.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिन्यात दहा किलो चरबी घालवायची तर रोज अडीच हजार कॅलरींची तूट हवी. आपल्यापैकी अनेकांचं दिवसभराचं सगळं खाणंदेखील तेवढं नसतं! म्हणजे पूर्ण उपाशी राहूनही हे जमणार नाही. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो तेव्हा त्यात बरंचसं पाणी असतं. पुढेही उपासमार चालू ठेवली तर चरबीबरोबर स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याची भीती वाढते आणि नेहमीचं जेवण सुरू झालं की वजन परत येतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, लक्ष्य लहान ठेवा. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने चार किलो, आणि तेही चार महिन्यांत. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर यांत फरक पडू शकतो.

चार किलोंसाठी रोज अडीचशे कॅलरींच्या आसपास तूट लागते. ती घरातच सापडेल. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल, तर त्या साखरेच्याच सुमारे १६० कॅलरी होतात. साखर निम्मी केली की ऐंशी वाचल्या. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. तुमच्या वाट्याचं तेवढं तेल रोज कमी होऊ द्या. फोडणीला बाटली तिरकी न करता चमच्याने मोजून तेल घाला, महिन्याचा डबा किती दिवस पुरतो तेही बघा. राहिलेल्या कॅलरी रोज अर्धा तास झपझप चालण्यातून जातील. यात भात सोडायचा नाही की भाकरी. वाढून घेतानाच थोडं कमी घ्या आणि उसळ, वरण, ताक जरा जास्त घ्या.

उपवासाचंही बघा. शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी ताटभर खाल्ली, तर वजनाच्या दृष्टीने तो उपवास होत नाही. श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, वजनासाठी मात्र त्यावर भिस्त ठेवू नका. आणि घरातल्या बायकांना एक विनंती आहे. पातेल्यात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलू नका. उद्यापासून एक मूठ कमी शिजवा.

वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर. रोज बघाल तर मीठ जास्त पडल्यामुळे किंवा पाळीच्या दिवसांमुळे आकडा वर-खाली होईल आणि उगाच हिरमोड होईल. सोबत महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. काटा अडला तरी कंबर उतरत असते, असं पुष्कळदा दिसतं.

दोन-तीन महिन्यांनी वजन एका जागी थांबलं तर घाबरून जेवण तोडू नका. शरीर हलकं झालं की त्याची गरजही थोडी घटते. तेव्हा चालणं दहा मिनिटांनी वाढवा, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करा. लग्नाच्या पंगतीत एखाद्या दिवशी जास्त खाल्लं, तर दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहू नका, नेहमीचं जेवण घ्या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणात बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगाच. डोस तोच ठेवून खाणं कमी केलं तर साखर एकदम उतरू शकते, घाम फुटतो, हात थरथरतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. आणि काही न करता वजन आपोआप उतरत असेल, तर आनंद मानत बसू नका, लगेच तपासणी करून घ्या.