जुना स्कूबा रेग्युलेटर स्वस्तात मिळतोय. पण खरा भाव सर्व्हिसनंतरच कळतो

पुणे : पुण्यात समुद्र नाही, तरी स्कूबा शिकणारे बरेच आहेत. शहरातल्या जलतरण तलावात धडे घ्यायचे आणि मग मालवण-तारकर्लीला जाऊन समुद्रात उतरायचं, असा हा मार्ग. हौस फिटली की सामान कपाटात पडून राहतं आणि दोन-चार वर्षांनी मोबाईलवर विक्रीला येतं. 'रेग्युलेटर, फक्त चार वेळा वापरलेला, अर्ध्या किमतीत.' ही जाहिरात आता मावळ, मुळशी, वेल्हे, इंदापूरमधल्या पोरांच्या फोनवरही दिसते. कुणाला तारकर्लीत गाईडचं काम धरायचं असतं, तर कुणाला गावच्या बचाव पथकासाठी एखादा सेट हवा असतो.

गरज खोटी नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चौघांचा जीव गेला. एनडीआरएफची पाचवी बटालियन मावळातच सुदुंबरे इथे आहे, तरी दर वेळी सगळ्यात आधी पाण्यापाशी पोचतात ती गावातली आणि स्थानिक पथकांतली माणसं. 'आपल्याकडे एक सेट असता तर' हा विचार त्यातूनच येतो.

प्रश्न एवढाच की तो सेट जुना घ्यावा का, आणि घेतला तर काय बघून घ्यावा?

रेग्युलेटर नेमकं काय करतो?

घरच्या गॅसचा रेग्युलेटर सगळ्यांना माहीत आहे. सिलिंडरमधला जोराचा दाब कमी करून तो शेगडीला पुरवतो. स्कूबाचंही तत्त्व तेच. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी आजच्या पद्धतीचा रेग्युलेटर बनवला, तेव्हा गान्यां यांच्या हाताशी गाडी गॅसवर चालवण्यासाठी केलेला व्हॉल्व्हच होता. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तो बनवलेला.

भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. सिलिंडरवर बसणारा पहिला टप्पा, म्हणजे फर्स्ट स्टेज, तो दाब साधारण ८ ते १० बारवर आणतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा, म्हणजे सेकंड स्टेज, माणूस श्वास ओढेल तेव्हाच, आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी हवा देतो. दहा मीटर खोलीवर हा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. हवाही त्याच हिशोबाने लवकर संपते. पूर्ण सेटमध्ये याशिवाय जोडीदारासाठी जादा सेकंड स्टेज, दाब दाखवणारा गेज आणि जॅकेटला हवा देणारी नळी असते.

हे सगळं रबरी रिंगा, बारीक स्प्रिंगा आणि पातळ पडद्यांवर चालतं. बाहेरून चकचकीत दिसणारा सेट आतून वाळलेला असू शकतो. 'चारच वेळा वापरला' हे खरं असलं तरी पाच वर्षं कपाटात पडलेलं रबर चिरतं. खाऱ्या पाण्यातून काढून गोड्या पाण्यात न धुता ठेवला असेल तर आत मीठ बसतं.

जाहिरातीतला भाव आणि खरा भाव

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. बऱ्याच कंपन्या रेग्युलेटर दरवर्षी तपासून घ्यायला आणि वर्षा-दोन वर्षांनी, किंवा साधारण शंभर डाइव्हनंतर, पूर्ण खोलून आतले भाग बदलायला सांगतात. मागच्या सर्व्हिसची पावती नसेल, तर सर्व्हिस झालेलीच नाही असं धरून चालावं.

उदाहरणादाखल हिशोब मांडून बघा. समजा सेट १५ हजारांना मिळाला. तिन्ही भागांची सर्व्हिस आणि किटचे ८ हजार, दोन नळ्या बदलायचे ४ हजार, सिलिंडरला जुळणाऱ्या अडॅप्टरचे ३ हजार. झाले ३० हजार. आकडे प्रत्येक सेटला वेगळे येतील, पण रीत हीच. ही बेरीज नव्या साध्या सेटच्या जवळ जात असेल, तर वॉरंटी आणि पावती असलेला नवाच परवडतो.

म्हणून पैसे देण्याआधी एक फोन करायचा : या मॉडेलचं सर्व्हिस किट भारतात मिळतं का आणि काम कोण करतं? किट मिळत नसेल तर सेट फुकट मिळाला तरी महागच. सर्व्हिस म्हणजे गावच्या मेकॅनिकने खोलून ऑईल-ग्रीस मारणं नव्हे. त्याला प्रशिक्षित तंत्रज्ञ, योग्य अवजारं आणि ठराविकच ग्रीस लागतं.

घेताना काय तपासायचं?

- सिलिंडर न लावता फर्स्ट स्टेजचं टोपण घट्ट लावायचं आणि तोंडाने हवा ओढायची. काहीच यायला नको. हवा आली तर पडदा, झडप किंवा नळी कुठेतरी गळतेय.
- फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी जाळीसारखा छोटा फिल्टर असतो. हिरवट दिसला तर आत पाणी गेलंय, तांबूस असेल तर सिलिंडरचा गंज शिरलाय.
- नळ्यांच्या टोकांवरची रबरी टोपणं मागे सरकवून बघायची. चिरा तिथेच असतात.
- भरलेल्या सिलिंडरवर लावून सेट बादलीत बुडवायचा. बुडबुड्यांची धार सुटली तर गळती आहे.
- श्वास घेताना गेजचा काटा हलत असेल, तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय का ते बघायचं. तरीही हलला तर फिल्टर तुंबलेला असू शकतो.
- जोडणी दोन प्रकारची असते : आट्यांची 'डिन' आणि चिमट्यासारखी 'योक'. आपण वापरणार त्या सिलिंडरला कोणती बसते, हे आधीच विचारायचं.
- अंगावरचा सीरियल नंबर शाबूत हवा. खरवडलेला असेल तर चोरीचा माल असू शकतो.

या चाचण्या पास झाल्या म्हणजे सेट पाण्यात न्यायला तयार झाला, असं नाही. सर्व्हिस करावीच लागते. तोंडाची रबरी पट्टी झिजली असेल तर मात्र काळजी नको, ती थोडक्यात बदलता येते.

हे चुकूनही करू नये

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी काय मिळत नाही? पण 'रेग्युलेटर' नाव असलं म्हणजे तो पाण्याखाली चालतोच असं नाही. वेल्डिंगचा, दवाखान्यातल्या ऑक्सिजनचा किंवा अग्निशमन दलाच्या धुरात वापरायच्या सेटचा रेग्युलेटर पाण्याखाली वापरायचा नाही.

दुसरं, पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी नसते. तिच्यात तेलाची वाफ आणि इंजिनाचा विषारी धूर येऊ शकतो. विहिरीतली मोटर काढायला नळीने अशी हवा घेत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. निव्वळ ऑक्सिजन भरणंही धोक्याचं. सहा मीटरखाली तोच ऑक्सिजन झटके आणू शकतो, शिवाय तेला-ग्रीसशी गाठ पडली तर पेट घेतो. सिलिंडरलाही ठराविक मुदतीने दाबचाचणी लागते. त्यावरची तारीख बघितल्याशिवाय तो घ्यायचा नाही.

गावाने पैसे कुठे घालावेत?

तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. निवती रॉकजवळ 'आयएनएस गुलदार' या निवृत्त युद्धनौकेभोवती पाण्याखालचं पर्यटन उभं करायचा प्रकल्पही सरकारने हाती घेतलाय. या क्षेत्रात रोजगार शोधणाऱ्या पोराने आधी कोर्स करावा, भाड्याच्या सेटवर हात बसवावा आणि मग स्वतःचा घ्यावा. कोर्स देणाऱ्या प्रशिक्षकालाच जुना सेट दाखवून घेता येतो. हा सगळ्यात स्वस्त विमा.

बचाव पथकाची गोष्ट वेगळी. धरणाच्या गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचंही दिसत नाही. खाली गाळ, झाडं, मासेमारीची जाळी. तिथे समुद्रात पर्यटक म्हणून डाइव्ह केलेला माणूसही अडकतो. त्यातही बुडणाऱ्याच्या हातात मिनिटं असतात. डायव्हिंग सेट बाहेर काढून, जोडून, उतरेपर्यंत ती संपलेली असतात. जीव वाचवतात ते काठावरचा दोर, फेकायची रिंग आणि बोटीतली लाईफ जॅकेट. 'आपदा मित्र' योजनेतही स्वयंसेवकांना लाईफ जॅकेटसारखं सामानच दिलं जातं, डायव्हिंग सेट नाही.

म्हणजे ग्रामपंचायतीने किंवा मंडळाने वर्गणी काढलीच, तर पहिले पैसे लाईफ जॅकेट आणि दोरावर. त्यानंतर दोघा-तिघांच्या प्रशिक्षणावर. सेट सगळ्यात शेवटी, आणि तोही दरवर्षीच्या सर्व्हिसचा खर्च बाजूला काढून. अपघात झालाच तर ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर फोन आधी करायचा.

जुना रेग्युलेटर घेण्यात कमीपणा नाही. नीट सर्व्हिस झालेला सेट कित्येक वर्षं चालतो. पण जुना ट्रॅक्टर घेताना जो माणूस इंजिन चालू करून, कागद बघून, मेकॅनिकला दाखवूनच पैसे मोजतो, त्याने इथे फोटो बघून पैसे पाठवू नयेत. ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर उभा राहतो. हा वीस मीटर खाली बंद पडतो.