घुशीचे 'औषध' नव्हे, विष!

पावसाळा लागला की ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर माझ्या दवाखान्यात आणखी एक तक्रार येते. "डॉक्टरसाहेब, घुशीनं सांदवाडीतली सारी वांगी उलथून टाकली, काही औषध सांगा." पूर्वी मला हसू यायचे. आता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका घरी घुशीच्या बिळाशी भाकरीच्या तुकड्याला उंदीर मारायची पेस्ट लावून ठेवली होती. तो तुकडा घरातल्या लहान पोराने तोंडात घातला. घरच्यांनी दूध पाजले, मिठाचे पाणी देऊन ओकारी काढली. पोर खेळू लागले, म्हणून सारे निश्चिंत झाले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणले तेव्हा डोळे पिवळे झाले होते. नागपूरला पाठवले, पण ते पोर परत आले नाही.

या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. पहिले एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो आणि आत यकृत निकामी होत जाते. काळ्या-करड्या भुकटीतल्या झिंक फॉस्फाईडचा पोटात विषारी वायू होतो. या दोन्हींवर उतारा नाही. तरी आपण त्याला 'औषध' म्हणतो आणि साखर-चहापत्तीशेजारी फळीवर ठेवतो. रागाच्या भरात हाताशी सापडणारी वस्तू म्हणूनही ते घरात नको.

बरे, एवढे करून घूस तरी जाते का? घूस आणि उंदीर हुशार. थोडे खाऊन त्रास झाला, की ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाहीत. उंदरीची तीन आठवड्यांत वीण होते, एका वेळी सहा-आठ पिल्ले. चार मेले तरी शेजारच्या वाड्यातून आठ येतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : घूस मारण्याआधी तिचा आसरा आणि अन्न तोडा.

भिंतीला टेकवून रचलेल्या पऱ्हाट्या, कुटार आणि लाकडे हलवा. गंजी लावायचीच तर जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून दूर लावा. खरकटे व कोंबड्यांचे दाणे रात्री उघडे ठेवू नका. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा. नव्या रोपाभोवती बारीक जाळी फूटभर खोल गाडा, म्हणजे मुळे कुरतडली जात नाहीत. संध्याकाळी सगळी बिळे ओल्या मातीने बुजवा. सकाळी जे उघडे दिसेल ते चालू बीळ. त्याच्या तोंडाशी, भिंतीच्या कडेने, कांदाभजे लावून पिंजरा ठेवा. सगळ्या गल्लीने हे एकाच आठवड्यात केले तर फरक पडतो, एकट्याने करून नाही. आणि धामण दिसली की काठी उचलू नका. ती बिनविषारी आहे, उंदीर हेच तिचे अन्न. आपल्या गावाच्या नावातच धामण आहे, एवढे तरी लक्षात ठेवू!

उंदरांचा बंदोबस्त केवळ वांग्यांसाठी नाही. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो; २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. उंदरांच्या अंगावर व गवतात राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भाने तो पाहिला. म्हणून घराजवळचे गवत कापा आणि चिखलात अनवाणी जाऊ नका. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. लेंड्यांवर आधी ब्लीचिंगचे पाणी शिंपडा, मगच झाडा. ताप, पोटऱ्या दुखणे, लाल डोळे किंवा अंगावर काळ्या खपलीचा डाग दिसला तर लगेच दाखवा. वेळेवर आले तर दोन्ही आजार साध्या गोळ्यांनी बरे होतात.

आणि चुकून कोणी विष खाल्लेच, तर दूध, तूप, मीठपाणी काही देऊ नका, ओकारी काढू नका. पाकीट सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि रुग्ण हसत-खेळत असला तरी तडक मोठ्या दवाखान्यात न्या. वांग्याचा वाफा पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो.