बोनस कष्टकऱ्यांचा, दिवाळी ठगांची!

दसरा-दिवाळी जवळ आली की सिन्नरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पण गेल्या काही वर्षांत बाजारापेक्षा मोठी गर्दी मोबाईलच्या पडद्यावर होऊ लागली आहे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डे' भरविला. त्यानंतर सणाआधीचा ऑनलाइन सेल हा दरवर्षीचा रिवाजच होऊन बसला. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसे देणे बोटावर आले. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींतला कंत्राटी कामगार असो की घरी बसून विड्या वळणारी आपली मायबहीण असो, आज सगळेच या बाजाराचे ग्राहक आहेत.

ही खरेदी वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. अंगावरचे कपडे आणि राहण्याची वस्ती पाहून माल दाखविणारे दुकानदार आपण पाहिलेले आहेत. मोबाईलवर निदान ही पायरी दाखविली जात नाही. गरिबालाही चार वस्तू पाहून निवड करता येते. पण मोबाईल जसा गिऱ्हाइकाची ऐपत विचारत नाही, तसा ठगही विचारत नाही. देशात २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत लोकांचे २२ हजार ८०० कोटींहून अधिक रुपये गेले, असे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले. श्रीमंताचे लाख गेले तर त्याची दिवाळी थोडी फिकी होते. ज्या घरात हजार विड्या वळल्या तरच दिवसाची मजुरी पडते, त्या घरातून पाच हजार गेले तर चूल विझते. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

ठगांची रीत समजून घेतली पाहिजे. नामांकित कंपनीच्या संकेतस्थळासारखे हुबेहूब दिसणारे पान तयार करायचे, दहा हजारांचा मोबाईल दोन हजारांत दाखवायचा आणि 'फक्त दहा मिनिटे शिल्लक' असे घड्याळ लावून द्यायचे, हा एक प्रकार. 'पत्ता अपुरा असल्याने तुमचे पार्सल अडकले आहे, येथे दाबा', हा दुसरा. टपाल खात्याच्या नावाने असे संदेश फिरू लागले, तेव्हा ते खोटे असल्याचा खुलासा २०२४ साली सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला करावा लागला. वस्तू खराब निघाली म्हणून इंटरनेटवर कंपनीचा फोन नंबर शोधावा, तर तो नंबरच ठगाचा असतो. तो म्हणतो, 'पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.' येथेच माणूस बुडतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असले, तरी निम्मे संकट टळेल. कंपनीचा नंबर तिच्या अधिकृत ॲपमधूनच घ्यावा, व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाईल उघडू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये आणि अनोळखी विक्रेता असेल तर वस्तू हातात आल्यावरच पैसे द्यावेत.

पण केवळ 'सावध राहा' असे सांगून भागणार आहे काय? बँकेचा संदेश बहुतेकदा इंग्रजीत, वस्तू परत करण्याच्या अटी बारीक अक्षरांत, आणि फसल्यावर दोष मात्र फसलेल्याचा! 'तुम्हीच ओटीपी दिला ना?' असे विचारले की गरीब माणूस मान खाली घालतो. घरातले हसतील, शेजारी अडाणी म्हणतील, म्हणून तो गप्प बसतो. ठगाचे खरे भांडवल ही लाजच आहे. कारण गेलेला पैसा काही काळ कुठल्यातरी खात्यात असतो. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन केला तर तो तेथेच गोठविता येतो. दोन दिवस लाजेत घालविले की तो पैसा खात्यामागून खाती बदलत नाहीसा होतो.

चोरी ज्याने केली त्याने लाजावे, आपण का लाजायचे? कायदा आपल्या बाजूने किती आहे, हे माहीत असले की मान ताठ राहते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने बँकेला कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे. ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस येत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असले तरी सिन्नरच्या माणसाला तेथे खेटे घालावे लागत नाहीत.

हे हक्क कागदावर आहेत, ते वस्तीत आणण्याचे काम आपले आहे. बचत गटाच्या बैठकीत, विहारातल्या रविवारच्या सभेत, कारखान्याच्या गेटवर चहा पिताना यावर दहा मिनिटे बोलता येईल. शिकलेल्या पोरापोरींनी आईच्या मोबाईलमध्ये १९३० हा नंबर आजच टाकून द्यावा. आणि कोणी फसलेच, तर त्याला हसू नये. त्याच्या हातात फोन द्यावा आणि शेजारी बसून तक्रार नोंदवून घ्यावी. घामाचा पैसा वाचविणे हेही चळवळीचेच काम आहे.