पेंग्विनचा बाळंतविडा

मैत्रिणींनो, लोकर-सुया हाती घेतल्या की आपल्याला झबली-टोपडीच सुचतात, नाही का? ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटासाठी मात्र गावोगावच्या बायकांनी हौसेनं, बिनपैशानं पेंग्विनचे स्वेटर विणले! हे पेंग्विन जेमतेम फूटभर उंच. जहाजाचं तेल पिसांना लागलं की अंगातली ऊब जाते, आणि चोचीनं पिसं साफ करताना तेच विष पोटात जातं. म्हणून धुऊन काढण्याइतकी ताकद येईपर्यंत अंगात लोकरीचा स्वेटर. बाह्या नाहीत हं, पंखांना नुसती भोकं! २००१ साली तेलानं माखलेल्या ४३८ पेंग्विनांपैकी शेकडा ९६ बरे होऊन समुद्रात परतले. विणकामाला ‘रिकामपणाचा उद्योग’ म्हणणाऱ्यांना हा आकडा ऐकवाच. जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकतात; तो पैसाही पक्ष्यांच्याच कामी येतो.