ध्वनीच्या दुप्पट वेग आणि उपेक्षित सरस

१/ स्वनातीत विमानांचा इतिहास म्हणजे जेट इंजिनांचा इतिहास, ही समजूत लोकप्रिय पुस्तकांनी इतकी रुजवली आहे की तिच्याकडे पुरावा मागण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वेग इंजिन देते. तो सोसतो मात्र पत्रा. आणि पत्र्याला धरून ठेवणारा सरस या इतिहासातून हद्दपार झाला आहे.

२/ 'धातूला रिव्हेट, लाकडाला सरस' ही विभागणी १९४१ मध्येच मोडली होती. इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांनी 'रिडक्स' सिद्ध केले : पत्र्यावर द्रवरूप फिनॉलिक रेझिन, त्यावर पॉलिव्हिनाइल फॉर्मलची भुकटी, मग उष्णता आणि दाब.

३/ रिव्हेटसाठी भोक पाडावे लागते. भोकाच्या कडेशी ताण एकवटतो. चिकटवलेल्या जोडात तोच भार साऱ्या पृष्ठभागावर पसरतो. कॉमेटच्या १९५४ च्या अपघातांची कथा 'चौकोनी खिडक्या' या पालुपदावरच संपवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याच विमानात कितीतरी जोड रिडक्सचे होते. एल्बाजवळच्या समुद्रातून काढलेल्या अवशेषांत तपासाचा माग पोहोचला तो छतावरील अँटेनाच्या झरोक्यापाशी, एका भोकाच्या कडेला.

४/ खरी कसोटी अमेरिकेच्या 'बी-५८ हसलर' या बॉम्बफेकी विमानाची. पहिले उड्डाण ११ नोव्हेंबर १९५६. वेग मॅक २. त्याच्या पंखांना मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले पातळ पत्रे, अशा तावदानांचे आवरण होते. दोन पत्रे एकमेकांपासून दूर राखल्याने फारसे वजन न वाढता ताठरपणा वाढतो. एवढा पातळ पत्रा एकटा असता तर सुरकुतला असता. उंच आकाशात मॅक २ ला पंखाच्या कडेशी थबकलेली हवा सुमारे ११७ अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि तेवढ्या उष्णतेत हा सरस टिकला. (इंजिनांलगतच्या अधिक तप्त भागांत झाळलेले पोलाद वापरले होते, हेही खरे.)

५/ 'मॅक ३ ला सरस निरुपयोगी' हा आक्षेप बरोबर आहे. तेथे तापमान ३३० अंशांच्या पुढे जाते. त्या काळचा सरस आणि ॲल्युमिनियम दोघेही हार मानतात. पण त्यावरून झाळकाम निर्दोष ठरत नाही. 'एक्सबी-७०' ची तावदाने झाळलेल्या स्टेनलेस पोलादाची होती. १४ ऑक्टोबर १९६५ रोजी त्याने मॅक ३ गाठला आणि त्याच उड्डाणात डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचा तुकडा उडून गेला. त्या विमानावर पुढे मॅक २.५ ची मर्यादा घालण्यात आली. इंजिनांत तेव्हाही जोर शिल्लक होता.